धोंडी पाला

गेल्या डिसेंबरात तुम्ही दोघं बारामतीला आलात तेव्हा पहिल्याच सकाळी फाटकाजवळच्या गवतावर फोन रोखून उभे होतात. दोन सेकंदांत फोनने लॅटिन नाव सांगितलं, फुलाचा फोटो कुठल्याशा जागतिक नकाशावर जाऊन बसला, आणि धाकटे चिरंजीव मला म्हणाले, "आजी, मी सायन्सला मदत केली." मी शाबास म्हटलं आणि चहा टाकायला आत गेले. त्याच झाडाच्या मागे मी चौदा महिने घालवले होते आणि तरी नाव चुकीचंच लिहिलं होतं, हे तुमच्या तोंडावर सांगायचा धीर झाला नाही. आता तुम्ही सुरक्षित अंतरावर आहात, म्हणून लिहिते.

एक नियम आधीच सांगून ठेवते. या लिखाणात मी कुणाचंही नाव घालणार नाही. भीती म्हणून नव्हे. गोष्टच अशी आहे की तिच्यात नाव न घेण्याला महत्त्व आहे.

नव्वदीचं दशक होतं. तुमचे आजोबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त व्हायला आले होते. मी शाळेत इंग्रजी शिकवायचं थांबवलं होतं, आणि घरात इतकी शिस्त होती की आणखी लावायला जागा उरली नव्हती. अशा वेळी पुण्याच्या एका वनस्पतीप्रेमी मंडळाचं निवेदन वर्तमानपत्रात आलं. जिल्ह्यातल्या झाडाझुडपांची यादी करायची आहे, शास्त्रज्ञ थोडे आणि गावं फार, तेव्हा सामान्य नागरिकांनी आपापल्या भागातल्या वनस्पती गोळा कराव्यात, दाबून वाळवाव्यात, आणि सोबत तक्ता भरून टपालाने पाठवाव्यात. "सामान्य नागरिक" हे शब्द मला जरा लागले. तरी मी पत्र टाकलं.

पुण्याहून तक्त्यांचा गठ्ठा आला. तक्ते मला लहानपणापासून आवडतात. ठिकाण, दिनांक, जमिनीचा प्रकार, फुलाचा रंग, शास्त्रीय नाव माहीत असल्यास, स्थानिक नाव, माहिती देणाऱ्याचे पूर्ण नाव व गाव, आणि शेवटी गोळा करणाऱ्याची सही. त्यातला शेवटून दुसरा रकाना लक्षात ठेवा. मी ठेवला नाही.

झाडं दाबायला लाकडी चौकट लागते. ती सुताराकडून येईपर्यंत मी तुमच्या आजोबांची गादी वापरली. वजनदार अधिकारी अशी त्यांची खात्यात ख्याती होतीच, तिचा घराला पहिल्यांदा उपयोग झाला. वर्तमानपत्राच्या घड्या, घड्यांत झाडं, झाडांवर गादी, गादीवर आजोबा.

"अहो, कूस बदलू नका. पानं दुमडतात."

"अगं, मी झोपलोय की ड्यूटीवर आहे?"

सराट्याचा नमुना मात्र मी त्यांच्याखाली ठेवायला नको होता. सराट्याच्या फळाला काटे असतात आणि कापसाची गादी ही काही चिलखत नव्हे. सुतार दुसऱ्याच दिवशी चौकट घेऊन आला; त्याला आणायला आजोबा स्वतः गेले होते.

आमच्या कामाचे दोन भाग होते. बारामती तालुका माझ्याकडे आणि इंदापूर तालुका तात्यांकडे. तात्या म्हणजे शेतकी खात्यातले निवृत्त अधिकारी, राहायला इंदापुरात. सगळं गाव त्यांना तात्या म्हणायचं, म्हणून मीही. महिन्यातून एका रविवारी ते एसटीने यायचे, काखेत फाइल, फाइलीत वाळलेल्या काड्या. कुठलंही झाड हातात दिलं की ते आधी झाडाकडे पाहत, मग दूर क्षितिजाकडे पाहत, आणि मग लॅटिन बोलत. चुकत तेव्हाही आवाजावर सरकारी शिक्का असे. उजनीचं पाणी आल्यापासून इंदापुरात जे उगवतं ते बारामतीच्या नशिबात नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

"वहिनी, तुमच्याकडे काय, उसाचा चोथा आणि काँग्रेस गवत. खरी वनस्पती पाहायची तर आमच्या बाजूला या."

मी जात नसे. कारण मला घरबसल्या खजिना सापडला होता.

जळोचीहून एक बाई आमच्याकडे दूध घालायची. तेव्हा जळोची म्हणजे गावाबाहेरची शेतं होती आणि शेतांत कुठे कुठे बंगले उगवायला लागले होते. तिच्या सासरी पूर्वी मेंढरं होती. आता दोन म्हशी, थोडा ऊस आणि मोठं खटलं. नऊ वर्षं ती रोज सकाळी माझ्या दारात येत होती. एकदा तिने व्हरांड्यात पसरलेली झाडं पाहिली आणि कॅन खाली ठेवला.

"बाई, भाजी वाळवताय व्हय?"

"भाजी नाही. हे शास्त्रासाठी आहे."

"शास्त्राला आघाडा लागतो? आमच्या बांधाला गाडीभर हाय. आन ही घोळ हाय, ही का वाळवताय? ताजी करा, ज्वारीच्या भाकरीसंगं."

तिला सगळं माहीत होतं. माका, केना, कुर्डू, टाकळा. कुठलं म्हशीला चालतं, कुठलं घातलं की दूध कडू होतं, कुठल्याचा पाला जखमेवर लावायचा. मी झाड दाखवायची, ती सांगायची, मी लिहायची. माहिती देणाऱ्याच्या रकान्यात सुरुवातीला मी "स्थानिक स्त्री" असं लिहिलं. पुढे "स्था. स्त्री". नंतर नुसती आडवी रेघ. तिचं नाव मी विचारलं नाही. दूधवाली म्हटलं की घरात सगळ्यांना कळत होतं.

आता ते फाटकाजवळचं झाड. केसाळ पानं, जमिनीलगत पसरलेलं, आणि त्यातून एकच लांब दांडा वर आलेला. दांड्याच्या टोकाला पिवळ्या गाभ्याचं, चारपाच फिकट पाकळ्यांचं फूल. पडीक जमिनीत, भिंतीच्या फटीत, कुठेही. कुणी त्याला एकदांडी म्हणतं, कुणी कंबरमोडी, आणि आमच्याकडे सगळे म्हणतात दगडी पाला. खरचटलं की मुलं तो चुरडून लावायची. इतकं साधं झाड की ते पाठवायलाही मला लाज वाटत होती. तरी तक्ता म्हणजे तक्ता. मी ते तिच्यापुढे धरलं.

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "धोंडी पाला."

"दगडी पाला ना?"

"म्हणत्यात लोकं."

"मग तुम्ही लोक काय म्हणता?"

"आमी धोंडी पाला."

मी चष्मा पुसला. धोंडी पाला हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं आणि माझ्याकडच्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं. एका साक्षीवर विश्वास ठेवणारी मी नव्हे. महिन्याभराने ती तापाने पडली आणि तिच्याऐवजी तिची जाऊ दूध घेऊन आली. मी तिच्यापुढेही तेच फूल धरलं. तिनेही पदर सारखा केला आणि तिनेही तेच सांगितलं. धोंडी पाला. दोन तक्ते पुण्याला गेले, दोन्हीवर माहिती देणाऱ्याच्या जागी आडवी रेघ. पुण्याच्या लोकांना वाटलं असणार, दोन वेगळ्या वस्त्यांवरच्या दोन वेगळ्या बायका.

मग मी आमच्या बाजूला चौकशी केली. भाजीवाली म्हणाली दगडी. भांडी घासणारी म्हणाली दगडी. पोस्टमन म्हणाला दगडी, आणि रजिस्टरवर सही मागितली. आमच्या घराच्या आणि जळोचीच्या मधे कालवा होता. एवढं मला पुरलं. आजोबांचा ट्रेसिंग कागद घेऊन मी तालुक्याचा नकाशा काढला. कालव्याच्या एका बाजूला दगडी, लाल पेन्सिलीने. दुसऱ्या बाजूला धोंडी, हिरव्या. मेंढपाळ कुटुंबांनी आपल्या जुन्या वाटांवरून हा शब्द आणला आणि कालव्याने तो अडवला, असा सिद्धान्त मी इंग्रजीत तीन पानं टाइप करून पुण्याला धाडला.

आजोबांनी नकाशा पाहिला. "अगं, हा कालवा मी सांभाळलाय. ह्याच्यावर ठिकठिकाणी पूल आहेत. म्हशी रोज पलीकडे जातात. शब्द का अडेल?"

"अहो, हे भाषाशास्त्र आहे. ते पाटबंधाऱ्यात येत नाही."

तात्या त्या रविवारी आले तेव्हा मी त्यांना पानं वाचून दाखवली. ते इतके हसले की बशीत चहा सांडला.

"वहिनी, दगड आणि धोंडा एकच. कुठल्याही गवंड्याला विचारा! काय हो, बारामतीकरांना आता तणसुद्धा वेगळं पाहिजे?"

"तात्या, प्रश्न अर्थाचा नाही, सीमेचा आहे."

"सीमा!" ते म्हणाले आणि पुन्हा हसायला लागले.

पण पुण्याचं पत्र आलं आणि हसणं थांबलं. मंडळाला माझा सिद्धान्त फारच आवडला होता. वनस्पतींची यादी पुस्तिका म्हणून छापायची होती, आणि तिच्या सुरुवातीला माझं टिपण, नकाशासह, माझ्या नावानिशी आणि पदवीनिशी येणार होतं. पत्राच्या प्रती सगळ्या तालुक्यांच्या स्वयंसेवकांना गेल्या, म्हणजे तात्यांनाही. मुलांनो, मी आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं तपासली. माझं स्वतःचं एकही वाक्य कधी छापलेलं नव्हतं. ते छापून यावं असं मला वाटत होतं, आणि ज्या बाईला नातेवाइकांच्या लग्नपत्रिकेतल्या चुकासुद्धा दिसतात, तिला आपली एवढी मोठी चूक दिसली नाही, याचं कारण हेच.

मंडळाला आता फक्त एक फोटो हवा होता. धोंडी पाला, त्याच्या मूळ जागी, जळोचीत. आजोबांचा कॅमेरा घेऊन मी रिक्षाने गेले. नऊ वर्षांत तिच्या घरी जाण्याची ती पहिली वेळ.

घरासमोर लिंबाखाली बाजेवर तिचे सासरे बसले होते, ऐंशीच्या घरातले, पांढराशुभ्र पटका, कानाने कमी. सगळे त्यांना आबा म्हणत. ओट्यावर तिची नणंद शेंगा फोडत बसली होती. ती सांगवीला दिलेली होती आणि चार दिवस माहेरी आली होती. माझी दूधवाली आणि तिची जाऊ दाराशी उभ्या. मी बांधावर गुडघे टेकले, फुलावर कॅमेरा धरला.

"काय काढताय ओ बाई?" नणंदेने विचारलं.

"धोंडी पाला."

"कसला पाला?"

"धोंडी पाला. हा."

"आगं बया!" तिच्या मांडीवरच्या शेंगा खाली गेल्या. "दगडी पाला की ओ त्यो! धोंडी कुणी सांगितला तुमाला?"

मी दाराकडे पाहिलं. दोघी जावांनी पदर तोंडाला लावले होते.

"ह्यांनी व्हय!" नणंदेला हसू आवरेना. "आवो, ह्यांना म्हणता येत न्हाय त्ये! आमच्या आबांचं नावच तसलं हाय. सासऱ्याचं नाव सून कशी घील? ह्या घरात सुनांच्या तोंडात दगड हा शब्दच न्हाय. रस्त्यावर धोंडा, नदीत धोंडा, आन पाल्याला धोंडी पाला. मी पडले लेक. मला काय, मी दिवसभर दगड दगड म्हणीन."

तुम्हाला समजावं म्हणून थोडं सांगते. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नसे, सासऱ्याचंही नाही, आणि त्या नावासारखा दुसरा शब्द असला तर तोही टाळायची. आबांच्या आईची आधीची मुलं जगली नव्हती. अशा घरात मुलाला मुद्दाम ओबडधोबड नाव देत, म्हणजे ते टिकेल. आबांचं नाव मी लिहीत नाही, पण झाडाच्या खऱ्या नावातला पहिला शब्द घ्या आणि शेवटची वेलांटी काढून ऊकार द्या. ते नावाप्रमाणे टिकले होते, हे समोर दिसतच होतं.

म्हणजे माझी सीमा कालव्यावर नव्हती. ती त्या घराच्या उंबऱ्यावर होती. आतल्या बाजूला दोन सुना, बाहेर सगळा तालुका. तिने मागे एकदा मला सांगितलं होतं, "बाई, फाटकाला धोंडा लावून ठेवा, कुत्रं शिरतंय." मी ते ऐकलं होतं. फाटकाला दगड लावलाही होता.

"अगं, मला सांगायचं नाही का?" मी दूधवालीला म्हटलं.

"तुमी इचारलं, तुम्ही लोक काय म्हणता. आमी म्हणतो त्येच सांगितलं."

"पण का म्हणता, ते?"

"त्ये कुठं इचारलं?"

"आन बाई," नणंद म्हणाली, "एवढं शिकलेल्या तुमी. तुमी सायबांना काय म्हणून हाक मारता?"

मी कॅमेऱ्याचं झाकण लावत बसले. त्याच सकाळी मी घरभर ओरडले होते, "अहो, कॅमेऱ्याचा रोल कुठे ठेवलात?" लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती. माझ्या तोंडावर ते दिसलं असणार, कारण जावाही मोकळ्या हसल्या.

"काय झालं गं?" आबांनी बाजेवरून विचारलं. नणंदेने त्यांच्या कानाशी जाऊन, अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात, सगळं सांगितलं. आबांचा चेहरा हळूहळू उजळला.

"मंजी सुनांनी माझा मान ठिवला, त्यो पुण्यापातूर गेला?"

"गेला, आबा," मी म्हटलं. "पण चूक आहे. खोडावी लागणार."

"खोडताय कशापायी? ऱ्हाऊ द्या की. मान हाय, चोरी न्हाय."

रिक्षापर्यंत दूधवाली माझ्याबरोबर आली. घरापासून लांब आल्यावर ती हळू आवाजात म्हणाली, "बाई, आबांचं काय ऐकू नका. खोडा. दुसऱ्या गावची बाई वाचंल आन म्हणंल, जळोचीच्या बायांना साध्या पाल्याचं नावबी ठावं न्हाय."

"तुझं नाव कुठे आहे त्यात?" मी म्हटलं. मला धीर द्यायचा होता.

"माझं नसंल. गावाचं हाय न्हवं," ती म्हणाली आणि परत गेली.

पुण्याला कळवण्याआधी तात्यांना सांगायला हवं, असं मी ठरवलं. ते हसणार हे नक्की होतं, आणि हसून घेऊ दे एकदा, अशी मनाची तयारी करून मी एसटीने इंदापूरला गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हसले नाहीत. उठून बाहेरचं दार लोटलं आणि फाइल काढली.

"वहिनी, ते नाव खोटं असणं शक्य नाही. इंदापूर तालुक्यात मला पाच ठिकाणी मिळालंय."

मी पाहिलं. पाच तक्ते, पाचही ठिकाणी धोंडी पाला. पुण्याचं ते कौतुकाचं पत्र आल्यानंतरच्या तारखा. एक लोणी देवकरचा.

"हे कुणी सांगितलं?"

"तिथे एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन आहे. त्याला विचारलं."

"काय विचारलंत?"

"हेच. ह्याला इकडे धोंडी पाला म्हणतात ना? तो म्हणाला, हो साहेब."

"तो इकडचाच आहे?"

"नांदेडकडचा," तात्या म्हणाले. मग त्यांनी क्षितिजाकडे पाहिलं. क्षितिजाच्या जागी त्यांचं कपाट होतं. "वहिनी, छपाईला चाललंय सगळं. तुमचं नाव येतंय, माझं येतंय. दोन तालुक्यांचा दुजोरा आहे. कोण विचारायला बसलंय? गप्प राहा."

माहिती देणाऱ्याच्या रकान्यात त्यांनी पाचही तक्त्यांवर स्वतःचंच नाव घातलं होतं. निवृत्त हुद्द्यासकट. मला हसू आलं, आणि मग आठवलं की माझ्या रकान्यांत तर रेघा होत्या.

हे सांगायला मला आवडत नाही, पण आठ दिवस मी पुण्याला पत्र लिहिलं नाही. पहिल्या दिवशी शाई संपली होती. दुसऱ्या दिवशी पाहुणे होते. तिसऱ्या दिवसापासून मी कारणं शोधायचंही सोडलं. म्हटलं, नाहीतरी दोघी बायका तसं म्हणतातच, मग ते नाव खोटं कसं? आबांनाही आवडलंय. तात्यांचे पाच आहेत. मी टिपणाची इंग्रजी पानं पुन्हा काढून वाचली. फार सुरेख लिहिलेली होती. त्यात एकही व्याकरणाची चूक नव्हती.

नवव्या दिवशी तिने दूध पातेल्यात ओतता ओतता विचारलं, "कळवलं का पुण्याला?"

"कळवणार आहे," मी म्हटलं. आणि तिच्यापुढे खोटं बोलायचं नाही म्हणून, की माझीच मला लाज वाटली म्हणून, मी आत जाऊन कोरा तक्ता घेऊन आले. "नवा तक्ता भरावा लागेल. ह्यात माहिती देणाऱ्याचं पूर्ण नाव लागतं. तुझं नाव सांग."

तिने सांगितलं. फार गोड नाव होतं. मी लिहिलं आणि थांबले.

"पुढे?"

"पुढं मालकांचं."

मी पेन धरून वाट पाहत बसले. इतकं सगळं घडून गेल्यावर मी पेन धरून वाट पाहत बसले! ती माझ्याकडे पाहत होती, मी तिच्याकडे.

"तुमी लिवा की," ती म्हणाली.

"मला माहीत नाही."

"नऊ वर्सं झाली बाई दूध घालतीया."

तिने हात पदराला पुसला.

"द्या हिकडं. तोंडानं घ्यायचं न्हाय. लिवायला कुणी अडवलंय?"

"तुला लिहिता येतं?"

"सातवी झालीया माझी. वर्गात पयला नंबर व्हता."

ती पायरीवर बसली, तक्ता मांडीवर घेतला, आणि नवऱ्याचं नाव, आडनाव, गाव, सगळं लिहिलं. मग वर जाऊन स्थानिक नावाच्या रकान्यात, न सांगता, न थांबता, लिहिलं: दगडी पाला. अक्षर टपोरं, शिरोरेघा सरळ. माझ्यापेक्षा चांगलं. चौदा महिन्यांपूर्वी मी झाडाबरोबर पेनही तिच्यापुढे धरलं असतं तर पहिल्याच सकाळी ते नाव बरोबर मिळालं असतं. पण मी विचारणारी आणि ती सांगणारी, ही विभागणी मी आधीच करून ठेवली होती.

"आन ह्या बाकीच्या कागदांवर रेघ का हाय?" तिने माझ्या प्रतींच्या गठ्ठ्याकडे बोट दाखवलं.

"राहून गेलं," मी म्हटलं.

"किती कागद हाईत?"

"बरेच."

"आणा."

तीन सकाळी ती अर्धा अर्धा तास बसली आणि एकेका रेघेवर आपलं नाव लिहीत गेली. लिहिताना माझ्या दोन चुकाही काढल्या. केना म्हणून मी जे पाठवलं होतं ते केना नव्हतं. मी पत्र लिहिलं: सिद्धान्त मागे घेत आहे, नकाशा छापू नये, धोंडी पाला हे नाव एका घरापुरतं आहे आणि त्याचं कारण असं असं आहे, सोबत दुरुस्त तक्ते. आजोबांनी ते पत्र स्वतः पोस्टात टाकलं. परत आल्यावर ते एवढंच म्हणाले, "पुलावरून गेलो." आणि दिवसभर मजेत होते.

पुस्तिका आली ती पातळ, पिवळ्या कागदाची. माझं टिपण नव्हतं. त्या जागी अध्यक्षांचे दोन शब्द होते, जे सात पानं चालले. यादीत प्रत्येक झाडापुढे स्थानिक नाव आणि माहिती देणाऱ्याचं पूर्ण नाव होतं. झाडं गोळा करणाऱ्यांची नावं जागेअभावी वगळली होती. बारामती तालुका, दगडी पाला, पुढे तिचं नाव. खालच्याच ओळीत, इंदापूर तालुका, धोंडी पाला, पुढे तात्यांचं नाव, हुद्द्यासकट. पुण्याने त्यांना विचारलं होतं म्हणे. तात्यांनी उत्तर दिलं, बारामतीत काय असेल ते असो, इंदापूरच्या नोंदी पक्क्या आहेत. त्यानंतर ते रविवारी यायचे बंद झाले. आबांच्या सुनांचा मान आता इंदापूर तालुक्यात छापील आहे आणि आबांना ते कळलं तेव्हा ते फार खूश झाले.

मी पुस्तिका दुसऱ्या दिवशी तिच्या हातात दिली. ती पायरीवर बसली आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला लागली. दगडी पाल्याची ओळ आली तेव्हा तिने झाडाच्या नावावरून बोट नुसतं फिरवलं, तोंड मिटलेलं. मग स्वतःचं नाव मोठ्याने वाचलं. मधल्या शब्दावर बोट आडवं ठेवून तो झाकला, आणि पलीकडून आडनाव वाचलं. मग पानं उलटली, पुन्हा मागे आली.

"बाई, तुमचं नाव कुठं दिसंना."

"नाही छापलं."

"आक्रीतच हाय," ती म्हणाली. मग कॅन उचलला आणि उभी राहिली.

"बरंच झालं म्हणा. न्हायतर तुमाला बी मधी बोट ठेवाय लागलं असतं."